नरक्या आणि कोळंबीची कवचं



“तू नेमकं करतोस काय?” असं अनेकांनी विचारलं, म्हणून थोडक्यात सांगतो.

सह्याद्रीतल्या नरक्या झाडात कॅम्पटोथेसिन असल्याचं गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवलं. त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. त्यापायी नरक्याची बेसुमार तोडही झाली. वनस्पतींच्या अर्कातून अशी द्रव्यं वेगळी करायला खनिज तेलापासून बनवलेले रेझिनचे मणी वापरतात. मी ते कोळंबीच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानपासून बनवतोय. पण कायटोसान आम्लात विरघळतं. म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात. फार बांधल्या, तर द्रव्य धरायला जागा उरत नाही. सध्या तो तोल साधतोय. द्रव्य जितकं कमी वाया जाईल, तितकी झाडं वाचतील.

कोळंबीचा धंदा करणाऱ्या मित्रांनो, कवचं फेकू नका, मला कळवा!