मेळावा संपल्यानंतरची शाळा



या शिक्षण परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी बोलतो आहे. माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात झाली. आधी शिक्षक, मग केंद्रप्रमुख आणि शेवटी विस्तार अधिकारी. निवृत्तीनंतरही शाळांकडे पाय वळतातच. आज मी मुख्यतः माजी विद्यार्थ्यांशी बोलणार आहे आणि त्यांच्याकडे काही मागणार आहे.

गेल्या काही वर्षांत गावोगावी माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होऊ लागले. व्हॉट्सअ‍ॅपवर जुने वर्ग पुन्हा भरले. लोकवर्गणीतून भिंती रंगल्या, संगणक आले, पाण्याच्या टाक्या बसल्या. हे सारे प्रेमाने झाले आहे आणि मला त्याचे मोल कमी करायचे नाही. पण मेळाव्यानंतरच्या सोमवारी शाळेत काय असते, ते मी पाहत आलो आहे. एका शाळेत चांगले संगणक कापडाखाली झाकून ठेवलेले होते. वीजबिल थकले होते, जोडणी तोडली होती. देणारे पुण्यात होते. त्यांना हे कळवायचे कोणी, हे ठरलेलेच नव्हते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला मिळणारे संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये असते. त्यातला किमान एक दशांश स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात खडू, कागद, किरकोळ दुरुस्ती आणि विजेचे बिल. अशा शाळेला दिलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते आणि तिच्या देखभालीचा भार मुख्याध्यापकावर येतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: शाळेला वस्तूंपेक्षा पाठपुरावा करणारी माणसे हवी आहेत.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते मला फार अस्वस्थ करते. आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. आपण तिला एनएमएमएस म्हणतो. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. निवड झाली की नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात जमा होतात. आपले शिक्षक जादा तास घेऊन मुलांची तयारी करून घेतात. मूल पास होते, गावात सत्कार होतो. पुढे खरी अडचण सुरू होते. आठवीचा वर्ग असलेल्या आपल्या बहुतेक शाळा आठवीपर्यंतच असतात. नववीला मूल दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाते. तिथे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नव्याने अर्ज भरायचा असतो आणि नंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करायचे असते. आधारवर नाव एक, बँकेत दुसरे आणि दाखल्यावर वडिलांच्या नावाची वेलांटी चुकलेली. जुन्या शाळेची जबाबदारी संपलेली असते, नव्या शाळेला मुलाची माहिती नसते आणि आई-बाप ऊसतोडीला गेलेले असतात. मुलाने मिळवलेले पैसे मुलाला मिळत नाहीत. ही गळती थांबवायला लाखांची देणगी लागत नाही. तालुक्याच्या गावी बँकेत, तहसिलात, सेतू केंद्रात काम करणारा त्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी लागतो. त्याने मुलाचा हात आठवीत धरावा आणि बारावी होईपर्यंत सोडू नये.

आपल्याकडे याची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांतल्या मुलांसाठी मुष्टिफंड सुरू केला, तेव्हा घरोघरच्या बायका दळणातून रोज मूठभर धान्य बाजूला काढत. ते धान्य देणारी माणसे श्रीमंत नव्हती. त्या फंडाची ताकद त्याच्या रोजच्या नेमात होती.

आता थोडे कठीण बोलतो. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला. त्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकारही दिला. तो आराखडाच शासनाच्या अनुदानाचा आधार मानला आहे. अधिकार मोठा आहे. पण गावातल्या शिकल्या-सवरल्या माणसांनी आपली मुले पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी शाळेत पाठवली आणि ते समितीबाहेर गेले. उरले ते पालक, ज्यांची एका बैठकीपायी दिवसाची मजुरी बुडते. अर्ज लिहिणारे, गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर ठामपणे बोलणारे लोक आपणच शाळेपासून दूर नेले. पट कमी झाला आणि २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूहशाळा करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा भांडायला फारसे कोणी उरले नव्हते. ज्यांना गावात राहून आपले मूल या शाळेत घालता येईल त्यांनी ते घालावे. त्याहून मोठी देणगी मला ठाऊक नाही. ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी समितीत शिक्षणतज्ज्ञाची जागा आहे. ती मागून घ्या. अभियंता असाल तर गळक्या वर्गखोलीचे अंदाजपत्रक आराखड्यात नीट मांडा आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात त्या कागदाचा माग काढा.

सरकारी कचेरीत पाठपुरावा करा, हे मी मुद्दाम म्हणतो. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, ती सरकारकडे केली. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ते शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ते राज्याचे कर्तव्य मानून. शिक्षकाच्या रिक्त पदावर वर्गणीतून मानधनावर माणूस नेमला की गावाची अडचण भागते, पण ते पद वर्षानुवर्षे रिक्तच राहते. वर्गणी जरूर काढा. पण शिक्षकाच्या नेमणुकीचा अर्ज त्याच दिवशी गेला पाहिजे.

दोन गोष्टी आणखी. आपल्या मेळाव्यांना पुरुषच जास्त असतात. शाळेत शिकलेल्या लेकी लग्न होऊन गेल्या. त्यांचा पत्ताच यादीत नसतो. आणि लग्न होऊन गावात आलेल्या सुना, ज्यांच्यात पदवीधर आहेत, डी.एड. झालेल्या आहेत, त्यांना आपण बोलावत नाही, कारण त्या 'आपल्या' शाळेच्या नाहीत. त्याही कुठल्या तरी जिल्हा परिषद शाळेतच शिकल्या आहेत. त्या रोज गावात असतात. पहिली-दुसरीच्या मुलांना दुपारी तासभर गोष्टी वाचून दाखवायला त्यांच्याइतके जवळचे कोण आहे?

दुसरी गोष्ट शाळेच्या जनरल रजिस्टरची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीची. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी अशा नोंदी शोधल्या जाऊ लागल्या, तेव्हा शाळांची जुनी दप्तरे पहिल्यांदाच इतक्या घाईने उघडली गेली. काही रजिस्टरे मोडी लिपीत होती, काहींना वाळवी लागली होती. जन्मतारीख, जात, शाळा सोडल्याचा दाखला, गावातल्या कितीतरी कुटुंबांचा पुरावा त्या एका लोखंडी कपाटात असतो. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, रजिस्टर शाळेबाहेर न नेता, त्याची पाने नीट छायांकित करून देणे आणि मोडी वाचणारा माणूस शोधून आणणे हे माजी विद्यार्थ्यांचे काम आहे. त्यात तुमच्या आजोबांचेही नाव निघेल.

मित्रांनो, दुपारच्या सत्रात ठराव न मांडता एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. मुख्याध्यापकांना मी आठवीची यादी आणायला सांगितले होते आणि बहुतेकांनी ती आणली आहे. प्रत्येक नावापुढे आज एका माजी विद्यार्थ्याचे किंवा विद्यार्थिनीचे नाव आणि फोन लिहायचा. यादीची एक प्रत शाळेत राहील, एक पंचायत समितीत. जेवण झाले की शाळेनुसार बसू. ज्या शाळेचे कोणी आले नसेल, तिची यादी माझ्याकडे द्या.