वादळाची वर्दी

संकटाची वर्दी आधीं मिळाली म्हणजे निम्में संकट टळलें, असें सामान्यतः समजलें जातें. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावरील इतिहास मात्र ही समजूत अपुरी ठरवितो.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्रीं तेव्हांच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या, किनाऱ्यावर प्रचंड चक्रीवादळ आदळलें. नेमक्या भरतीच्या वेळीं समुद्र चढून आला आणि मेघना नदीच्या मुखाजवळचीं सपाट बेटें पाण्याखालीं गेलीं. तीन ते पांच लाख माणसें मृत्युमुखीं पडलीं असा अंदाज आहे. या वादळाची कोणास कल्पनाच नव्हती काय? तसें मुळींच नव्हतें. कृत्रिम उपग्रहानें त्याचें चित्र टिपलें होतें. रेडिओवरून सूचनाही दिली गेली होती. मागाहून झालेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, बहुतेकांच्या कानीं बातमी पडली होती; परंतु पक्क्या इमारतीचा आसरा घेणारे अगदींच विरळा! याचें एक कारण असें कीं, ऑक्टोबरमध्यें दुसऱ्या एका वादळाची अशीच मोठी सूचना झाली होती आणि त्या मानानें नुकसान थोडें झालें होतें. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीचाच तो प्रकार झाला. शिवाय जावयाचें तरी कोठें? आणि दावणीचीं गुरें टाकून शेतकऱ्याचा पाय घराबाहेर कसा पडावा?

या अनर्थानंतर १९७२ मध्यें तेथें रेड क्रॉसच्या पुढाकारानें ‘चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम’ सुरू झाला. त्याची सारी भिस्त गांवांतल्याच माणसांवर ठेवण्यांत आली. बिनतारी यंत्रावरून खबर आली कीं स्वयंसेवकांनीं बावटा चढवावयाचा. धोका वाढेल तसे एकाचे दोन आणि दोनांचे तीन बावटे करावयाचे. ज्याला अक्षरओळख नाहीं त्यालाही बावटे मोजतां येतात. मग हातानें फिरवावयाचा भोंगा व कर्णा घेऊन दारोदार हिंडावयाचें. सांगणारा रोजच्या ओळखीचा असल्यामुळें त्याच्या शब्दावर विश्वास बसतो. गुरांसाठींही मातीचे उंच चौथरे उभारले गेले. त्यांना लोक ‘मुजिब किल्ला’ म्हणतात.

तरीही २९ एप्रिल १९९१ च्या वादळांत सुमारें १,३८,००० माणसें दगावलीं आणि त्यांत स्त्रियांचें प्रमाण पुरुषांहून पुष्कळ अधिक होतें. घरधन्याच्या अनुमतीवांचून उंबरठा ओलांडणें अनेकींना प्रशस्त वाटलें नाहीं. निवाऱ्यांतील परपुरुषांच्या गर्दीचा संकोच तर होताच. सूचना घरापर्यंत आली, पण माजघरांत शिरली नाहीं. ही उणीव ओळखून पुढें स्त्रियांना या कामांत घेण्यांत आलें. आज ७० हजारांहून अधिक स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. मे २०२० मध्यें ‘अम्फान’ वादळ आलें तेव्हां बांगलादेशांत वीस लाखांहून अधिक लोक आधींच हलविले गेले आणि मृतांची संख्या कांहीं दशकांच्या आंत राहिली. सगळीं वादळें सारखीं नसतात हें खरें. तरी एवढा फरक केवळ दैवानें पडत नाहीं.

आपल्या कोंकणांतही बंदरावरचा ‘तीन नंबरचा बावटा’ कोळी बांधवांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर उतरलें, तेव्हां पूर्वसूचनेचें मोल तेथें पुन्हा कळून आलें. शहरांत आतां खिशांतला दूरध्वनीच किंचाळून इशारा देतो. २०२३ मध्यें त्याच्या चाचणीचे संदेश देशभर वाजले. पण तळमजल्यावरच्या एकट्या वृद्धेचें काय? ज्याला ऐकूं येत नाहीं त्याचें काय? इमारतीच्या पहारेकऱ्याच्या पत्र्याच्या खोलींत काय? सुशिक्षित कुटुंबांत संदेश वाचला जातो आणि चहाचा पेला पुन्हा हातीं घेतला जातो. कोणीं कोणाचें दार ठोठवावयाचें, कोणीं कोणास उचलून न्यावयाचें आणि जावयाचें कोठें, एवढें शेजाऱ्यांनीं बसून एका संध्याकाळीं ठरविलें तरी पुरे आहे. त्याला खर्च नाहीं. शेवटच्या घरांतला माणूस दार उघडून बाहेर पडेल, तेव्हांच वर्दी पोंचली असें म्हणावें.