शुल्क गेले, हक्क केव्हा?

(रत्नागिरी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला आणि त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनापासून तो अमलात आला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील २,४१८ संस्थांमध्ये, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या, उपचार व शस्त्रक्रिया निःशुल्क करण्यात आल्या. या संस्थांत दरवर्षी सुमारे २ कोटी ५५ लक्ष रुग्ण येतात, असे त्या वेळी शासनाने सांगितले. निर्णय स्वागतार्ह होता, हे प्रथम निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. विरोधी पक्षाने चांगल्या गोष्टीला चांगले म्हणण्यात कमीपणा मानू नये. तथापि स्वागत करून स्वस्थ बसणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे.

मुळात सरकारी दवाखान्यात शुल्क आले कसे, हे समजून घेतले पाहिजे. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात असे तत्त्व मांडले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही माणूस पुरेशा वैद्यकीय सेवेला मुकता कामा नये. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेची पायाभरणी या तत्त्वावर व्हावयाची होती. पुढे १९८७ साली जागतिक बँकेने विकसनशील देशांना उपदेश केला की, सरकारी आरोग्यसेवेचा खर्च रुग्णांकडूनही वसूल करावा. नव्वदीच्या दशकात हा विचार आपल्याकडे रुजला, आणि २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही ऐपतदारांकडून शुल्क घेण्यास मान्यता दिली. ऐपतदार मंडळी सरकारी दवाखान्याकडे क्वचितच फिरकतात. शुल्क भरीत राहिले ते दुसरीकडे जाण्याचे बळ नसलेले लोक.

शुल्काच्या बाजूने दोन युक्तिवाद नेहमी केले जातात. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, हा पहिला. परंतु आजारपण ही कोणी हौसेने घ्यावयाची वस्तू नाही. मंडणगडच्या किंवा राजापूरच्या एखाद्या वाडीतली बाई दवाखान्यात येते तेव्हा तिने दिवसाची मजुरी बुडवलेली असते, वडापचे किंवा एस.टी.चे भाडे मोजलेले असते आणि घरी गुरे व मुले शेजारणीच्या हवाली केलेली असतात. एवढी किंमत मोजून आलेल्या बाईला खिडकीपाशी आणखी पैसे मागितल्याने आरोग्याचे मोल कळेल, असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. २००१ साली युगांडाने सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले, तेव्हा येणाऱ्या रुग्णांची संख्या झपाट्याने वाढली आणि गरिबांची उपस्थिती त्यात विशेष होती. ही माणसे शुल्कामुळे आजवर घरी दुखणे अंगावर काढीत होती, एवढाच याचा अर्थ.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. शुल्कातून जमणाऱ्या निधीवर रुग्णालयांची किरकोळ दुरुस्ती व तातडीची खरेदी भागत असे. तो बंद झाल्यावर हा खर्च कोठून होणार? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शासनाने अर्थसंकल्पातून दिले पाहिजे. शुल्क रद्द करावयाचे आणि त्याची जागा घेणारी तरतूद वेळेवर पोहोचवावयाची नाही, असे झाले तर खिडकीवरचा खर्च औषधाच्या दुकानात जातो. शासनाने निर्णयाबरोबर बाहेरून औषधे आणण्यास सांगू नये असे बजावले होते. पण कपाटात औषध नसेल तर डॉक्टरने काय करावे? २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत १२ नवजात अर्भकांसह २४ रुग्ण दगावले. औषधे व मनुष्यबळ यांच्या टंचाईचा आरोप झाला आणि शासनाने टंचाई नाकारली. सारा महाराष्ट्र मात्र त्या दिवसांत औषधखरेदीच्या कारभाराविषयी प्रश्न विचारू लागला. तामिळनाडूने औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ १९९४ साली उभारले आणि अशी खरेदी शिस्तीने होऊ शकते हे दाखवून दिले. महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याचा कायदा केला तो २०२३ साली. तीन दशकांचा हा विलंब गरिबांच्या खिशातून वसूल झाला.

आता रत्नागिरीकडे वळावयास हवे. या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईत आणि वृद्ध, स्त्रिया व मुले गावात, हे कोकणाचे जुने चित्र त्या आकड्यात उमटले आहे. म्हणूनच येथे सरकारी दवाखाना हा अनेक कुटुंबांचा पहिला आणि शेवटचा आधार ठरतो. २०२३ साली रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय त्याच्याशी जोडले गेले. कोकणाची ही जुनी मागणी होती. परंतु निःशुल्क सेवेचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. एका विभागाच्या पाटीखाली जो हक्क आहे, तो दुसऱ्या विभागाच्या पाटीखाली का नसावा? लांज्याहून किंवा संगमेश्वराहून आलेल्या रुग्णाने आपले दुखणे मंत्रालयातील कोणत्या खात्याकडे मोडते, याचा अभ्यास करून यावे काय?

विमा योजना आहे ना, असे यावर सांगितले जाते. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ साली महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली आणि २०२३ साली तिची मर्यादा दीड लक्षावरून पाच लक्ष रुपयांपर्यंत नेण्याचे ठरले. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिचा अनेकांना उपयोग झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही योजना ठरावीक उपचारांच्या यादीपुरती व प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची रोजची गोळी तिच्यातून मिळत नाही. शिवाय ती कागदपत्रे मागते. आंब्याच्या बागांत राबणारा नेपाळी मजूर, मिरकरवाड्याच्या होड्यांवरचा परप्रांतीय खलाशी यांनी येथली शिधापत्रिका कोठून आणावी? सार्वजनिक दवाखान्याचे तत्त्वच वेगळे आहे. आजारी असणे एवढीच तेथे पात्रता असली पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की, २०२३ चा निर्णय हा शासनादेश होता. विधिमंडळाने केलेला तो कायदा नव्हता. एका सहीने आलेली सवलत दुसऱ्या सहीने जाऊ शकते. ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ५ जुलै १९४८ रोजी अन्यूरिन बेव्हन यांच्या नेतृत्वाखाली तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तीन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, १९५१ साली, शस्त्रसज्जतेच्या वाढत्या खर्चाच्या काळात त्यांच्याच मजूर सरकारने चष्मे व दातांच्या कवळ्यांवर शुल्क बसवले. बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. रक्कम लहान होती. तत्त्व मोठे होते. पुढे औषधांच्या चिठ्ठीवरही शुल्क आले, आणि ते हटवण्यास वेल्सला २००७ साल उजाडावे लागले, स्कॉटलंडला २०११.

आपल्याकडे राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा संमत करून देशात पहिले पाऊल टाकले. खासगी डॉक्टरांच्या तीव्र आंदोलनापुढे सरकारला तडजोड करावी लागली आणि नियमांअभावी तो कायदा दीर्घकाळ कागदावरच राहिला. कायद्यामागे संघटित जनमत नसेल तर काय होते, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. निःशुल्क सेवा कायद्याने हक्क म्हणून मिळावी. तिच्यात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये यावीत. औषध उपलब्ध नसेल तर ते पुरवण्याची जबाबदारी संस्थेवर असावी आणि तक्रारीचा निकाल ठरलेल्या मुदतीत लागावा. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करावा, असे २०२० पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले होते. महाराष्ट्र त्याच्या पुष्कळ खाली राहिला. ही तूट भरून काढल्यावाचून कायदाही पोकळ ठरेल.

हे काम मुंबईतील सभांनी होणार नाही. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, कोणते औषध नाही, कोणते पद रिक्त आहे, कोणाला बाहेरची चिठ्ठी मिळाली, याची महिनोमहिना नोंद ठेवावी आणि ती ग्रामसभेपुढे व जिल्हा परिषदेपुढे मांडावी. दवाखान्यातील परिचारिका व डॉक्टर यांना या लढ्यात प्रतिपक्ष समजू नये; रिकाम्या कपाटाचा राग सर्वांत आधी त्यांनाच सोसावा लागतो. नऊ तालुक्यांतून अशा नोंदी उभ्या राहिल्या, तर विधिमंडळात कायद्याची मागणी करणाऱ्याच्या हाती घोषणेखेरीज पुरावाही असेल.