तिकिटाची सवलत आणि जिन्याच्या पायऱ्या

(रौप्यमहोत्सवी समारंभात ज्येष्ठ सभासदांच्या सत्रात केलेले भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, "सिस्टर, तुम्ही ज्येष्ठांच्या आणि दिव्यांगांच्या सवलतींवर दहा मिनिटं बोला. सगळे तुमच्याकडेच विचारायला येतात." ते खरं आहे. मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होते. कागद कुठे मिळतो, शिक्का कुठे बसतो, एवढं मला नोकरीने शिकवलं. पण कागदाबद्दल बोलायचं म्हटलं की घरातलं बोलावं लागतं. तेव्हा थोडं घरातलंही बोलते, सांभाळून घ्या.

पहिल्यांदा लाजेबद्दल. मला ६५ पूर्ण झाली त्या आठवड्यात मी नाशिकला निघाले होते. त्र्यंबकच्या स्टँडवर एसटीत बसले. कंडक्टर आले, मी म्हटलं, "एक सीबीएस." त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, हाफ का?" मला इतका राग आला! म्हटलं, "फुल द्या." पूर्ण पैसे मोजून बसले आणि अंजनेरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर मनात आलं, आपण नक्की कोणाशी भांडलो? कंडक्टरशी, की आपल्या वयाशी? परतीच्या गाडीत मी स्वतःहून आधार कार्ड पुढे केलं. त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही लाजले नाही. ज्या राज्यात चाळीस वर्षं पूर्ण तिकीट काढलं, त्या राज्याने आता अर्धं माफ केलं तर त्यात उपकार कसला?

आता माहिती सांगते. बायकांनी कृपया लक्ष द्यावं, कारण नंतर जिन्यात अडवून हेच विचारणार आहात.

एसटीत ६५ ते ७५ वयाच्या सर्वांना अर्धं तिकीट. ७५ पूर्ण झाली की राज्यात कुठेही प्रवास फुकट. ही योजना २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाली, 'अमृत ज्येष्ठ नागरिक' हे तिचं नाव. आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट झालं. म्हणजे पन्नास वर्षं जे वय लपवलं ते मी उघड केलं, आणि आता माझी सून वय न सांगता माझ्याच दरात जाते! असो. जवळ आधार कार्ड ठेवा, मोबाईलमध्ये डिजिलॉकर असेल तर तेही चालतं. शहर बसला हा नियम लागत नाही, आणि राज्याची हद्द संपली की सवलतही संपते. सापुताऱ्याला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

दिव्यांगांसाठी एसटीत ७५ टक्के सवलत आहे, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर. आणि ते ६५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सोबतच्या माणसालाही अर्धं तिकीट. हा दुसरा भाग बऱ्याच जणांना माहीत नसतो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढे सांगते.

रेल्वेचं उलटं झालंय. पूर्वी ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. कोरोनाच्या वेळी, २० मार्च २०२० पासून ती बंद झाली, ती अजून सुरू झालेली नाही. खालचा बर्थ मिळण्याची सोय मात्र आहे, म्हणून तिकीट काढताना वय बरोबर घाला. दिव्यांगांची आणि काही गंभीर आजारांच्या रुग्णांची सवलत रेल्वेने चालू ठेवली आहे. दिव्यांगांना त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक कार्ड आहे, यूडीआयडी. 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्क्यांच्या खाली असेल तर कार्डावर पांढरी पट्टी, ४० ते ८० च्या आत पिवळी, ८० च्या वर निळी. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. पूर्वी ते सातच होते. तेव्हा "आमच्या बाबांना पार्किन्सन आहे, पण ते काही अपंग नाहीत" असं म्हणून घरी बसू नका. तो आजारही यादीत आहे.

आता घरातलं.

आमचे हे, म्हणजे तुमचे सर, २०१९ च्या दिवाळीनंतर आजारी पडले. डावी बाजू गेली. बोलणं परत आलं, हात थोडा आला, पाय नाही आला. ज्या माणसाने तीस वर्षं भूगोल शिकवला, दर श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी केली, शाळेच्या मुलांना गंगाद्वारापर्यंत सातशे पायऱ्या चढवत नेलं, तो माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसला. मी अपंगत्वाच्या दाखल्याचा फॉर्म आणला. त्यांनी तो उशीखाली ठेवला. दीड वर्ष ठेवला. म्हणायचे, "मी आजारी आहे, अपंग नाही." मी नर्स, दुसऱ्यांच्या घरी जाऊन हेच समजावत आले होते. आपल्या घरी मात्र शब्द सुचेना.

शेवटी एक दिवस मी म्हटलं, "कार्ड तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी काढा. तुम्हाला नाशिकला व्यायामाला न्यायचं तर मला एकटीला झेपत नाही, भाच्याला बोलवावं लागतं. तुम्हाला ६५ च्या वर टक्के मिळाले तर त्याचं तिकीट अर्धं होईल." यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आण इकडे." ७० टक्के आले. पिवळी पट्टी. मंडळी, माणसाला स्वतःसाठी सवलत घ्यायला जड जातं, पण आपल्यामुळे दुसऱ्याचा भार हलका होत असेल तर तोच माणूस सही करतो. म्हणून मघाशी म्हटलं, सोबत्याची सवलत सगळ्यात महत्त्वाची.

गेल्या वर्षी त्यांना ७५ पूर्ण झाली. कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट हातात दिलं. ते त्यांनी फेकलं नाही, डायरीत ठेवलंय. म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा शून्य मार्क मिळाले आणि आनंद झाला."

आता जरा लांबचं उदाहरण देते. आजारपणाच्या आधी, २०१८ साली आम्ही मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. तिने योसेमिटी नावाचं राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेलं. गाडीत तिची शेजारीण होती, सत्तरीची बाई. फाटकावर त्या बाईंनी पर्समधून एक कार्ड काढलं, आणि आमची अख्खी गाडी पैसे न देता आत! मी मुलीला विचारलं तर कळलं, तिकडे ६२ वर्षं झाली की ८० डॉलर एकदाच भरायचे, आयुष्यभराचा पास मिळतो. वर्षापुरता हवा असेल तर २० डॉलर. ज्याला कायमचं अपंगत्व आहे त्याला फुकट. तंबू ठोकून राहायच्या जागेचं भाडंही बऱ्याच ठिकाणी निम्मं. पाहुण्यांना मिळत नाही हं, तिथल्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांनाच. आणि जिथे गाडीवर पैसे घेतात तिथे पासवाल्याबरोबर गाडीतले सगळे आत जातात. म्हणजे तिथेही सोबत्याचा विचार आहेच. म्हातारं माणूस एकटं जंगलात जाणार नाही, हे त्यांनी धरूनच ठेवलंय.

पण मला आठवतो तो पास नाही. मला आठवते ती वाट. एका धबधब्याकडे जाणारी सपाट वाट होती, आणि चाकाच्या खुर्चीत बसलेले एक आजोबा धबधबा दिसेल तिथपर्यंत आले होते. डोकं मागे टाकून वर बघत होते. तेव्हा आमचे हे धडधाकट होते. मला म्हणाले, "बघ, याला म्हणतात नियोजन." आज वाटतं, ते बोलले ते स्वतःसाठीच बोलले.

आपल्याकडे काय आहे? पांडवलेण्यांवर १५ वर्षांखालच्या नातवाला तिकीट नाही आणि आजोबांना आहे. त्याचं कुणाला काही वाटत नाही, पंचवीसेक रुपयांचा प्रश्न असतो. प्रश्न पायऱ्यांचा आहे. शेदोनशे पायऱ्या चढायच्या असतील तर तिकीट फुकट केलं तरी आजोबा खालीच बसणार आणि सगळ्यांच्या चपला सांभाळणार. एका बागेत (नाव घेत नाही) आम्ही खुर्ची घेऊन गेलो. पाटी होती, दिव्यांगांना प्रवेश विनामूल्य. शेजारचं रुंद फाटक होतं, त्याला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेले होते. फिरत्या फाटकातून खुर्ची जाईना. तासभर बाहेर बसून आम्ही भेळ खाल्ली आणि परत आलो. सवलत होती, वाट नव्हती.

आणि मग मला आपल्या सोसायटीचा जिना दिसला. इतकी वर्षं रोज चढत होते, पण त्या दिवशी दिसला.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा आपण सगळे पंचेचाळीस-पन्नाशीतले. लिफ्ट नको, खर्च वाढेल, असं आपणच हात वर करून ठरवलं. माझाही हात वर होता. कुणाला दोष देत नाही.

मागच्या हिवाळ्यात सोसायटीतल्या मुलांनी ठरवलं, ज्येष्ठांना नांदूरमध्यमेश्वरला न्यायचं. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ, इंग्रजांच्या काळातल्या बंधाऱ्यामागे पाणी पसरलंय. तिथे पक्षी अभयारण्य आहे. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून त्याची नोंद झाली आहे. मुलांनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला. सगळे तयार, पण सर खाली कसे येणार? चार मुलांनी खुर्चीसकट उचललं. पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललं नाही. हेच म्हणाले, "हळू रे, अजून खांद्यावर घ्यायची वेळ आली नाही." मुलं हसली. मी नाही हसले. खाली आल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरले होते.

पण तिथे पोचल्यावर! सकाळचं धुकं, आणि पाण्यात बदकांचे थवेच थवे. निरीक्षण मनोऱ्यावर चढणं शक्य नव्हतं, म्हणून ब विंगमधल्या काकूंनी गाडीतून प्लास्टिकची खुर्ची काढली, आम्ही काठाजवळ बसलो. मुलांनी दुर्बीण दिली. उजव्या हातात दुर्बीण धरून ह्यांनी चक्रवाक ओळखले आणि मग अर्धा तास सगळ्यांचा भूगोलाचा तास घेतला. शेवटी म्हणाले, "आपल्या घरामागच्या डोंगरात ही नदी ओंजळीत मावते. इथे बघा. सत्तर किलोमीटरमध्ये केवढी झाली! मी मुलांना हे फळ्यावर काढून दाखवायचो, स्वतः पाहिलं आज."

पाच वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

म्हणून माझी तीन मागणी-वजा विनंत्या आहेत. टाळ्या नकोत, ठराव हवा.

एक. आपल्या दारात तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे एकूण दीड फूट. उताराचा नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. म्हणजे अठरा फूट हवेत. फाटकापासून दारापर्यंत बावीस फूट जागा आहे. मी टेपने मोजली आहे. दोन स्कूटर हलवाव्या लागतील, त्यातली एक आमची आहे.

दोन. जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे. भिंतीच्या बाजूलाही पाईप लावून घ्यावा. ज्याची डावी बाजू गेली त्याला चढताना एक बाजू लागते आणि उतरताना दुसरी. हे आपल्याला बांधताना माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

तीन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ऑफिसात बसेन. ज्यांना यूडीआयडीचा अर्ज भरायचा आहे, रेल्वेचं कार्ड काढायचं आहे, त्यांनी आधार आणि दवाखान्याचे कागद घेऊन यावं. कॉम्प्युटर मला येत नाही. तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजची दोन मुलं बसायला तयार आहेत, त्यांना चहा मी पाजेन. आणि घरात कुणी नसताना अडचण आली तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा टोल फ्री क्रमांक फोनजवळ लिहून ठेवा.

लिफ्टचं मी आज बोलत नाही. तो खर्च मोठा आहे, ते पुढच्या सभेत. पण तोवर कुणाला तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर आधी आम्हाला सांगा, एवढंच.

सर आज इथे नाहीत. वर गॅलरीत बसून ऐकताहेत. माईकचा आवाज तिथपर्यंत जातो. मुलांना चार वेळा चढ-उतार नको म्हणून तेच नाही म्हणाले. पुढच्या वर्धापनदिनाला ते पहिल्या रांगेत बसलेले मला बघायचे आहेत. बाकी सरकारने तिकीट शून्य केलंच आहे. फाटकापर्यंतचं आपण बघू.

जय हिंद, जय महाराष्ट्र.