आधी रोजकीर्द, मग खतावणी

नांदेडच्या शेतकऱ्याने लातूरच्या अडत बाजारात सोयाबीन विकले. अडत्याचे आणि त्या शेतकऱ्याचे खाते एकाच बँकेत असेल, तर अडत्याच्या खात्यातली वजा आणि शेतकऱ्याच्या खात्यातली जमा एकदमच पक्की व्हायला हवी. नाहीतर दोन्ही रद्द. मग एवढी खात्री देऊनही बँकेच्या डेटाबेसला वेग येतो कुठून? अडतीवरच्या जुन्या रिवाजातून: आधी रोजकीर्द, मग खतावणी. डेटाबेस प्रत्येक व्यवहार आधी डिस्कवरच्या नोंदवहीत ओळीने लिहितो, डिस्कवरची शिलकीची पाने सवडीने बदलतो. वीज गेली तरी त्या नोंदींवरून हिशेब पुन्हा उभा राहतो. व्यवहार चालू असताना कुलूप लागते, ते मात्र त्या दोन खात्यांपुरतेच, तेही क्षणभर. मोठे अहवाल डेटाबेसच्या वेगळ्या प्रतीवर चालवावेत. पण पैसे देण्यापूर्वीची शिल्लक मूळ प्रतीवरच तपासावी. दुसरी प्रत किंचित मागे असू शकते, आणि शेतकऱ्याच्या पैशांत तेवढाही फरक चालणार नाही.