संवेदक पाहतो, पण थांबवतो कोण?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



कारखान्यात विजेच्या धक्क्याने कामगार दगावला की पहिला प्रश्न विचारला जातो, "फ्यूज कसा उडाला नाही?" या प्रश्नातच एक मोठा गैरसमज दडलेला आहे. फ्यूज माणसासाठी बसवलेला नसतो, तारेसाठी बसवलेला असतो. दहा अश्वशक्तीची मोटर सुमारे १४ अँपिअर प्रवाह घेते आणि तिचा फ्यूज त्याहून मोठ्या प्रवाहाने वितळतो. माणसाचा जीव घेण्यास त्याचा शंभरावा भाग पुरतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि हात तारेवरून सुटत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण छातीतून गेला तर हृदयाची लय मोडू शकते. घामाने ओलेत्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. माणूस मरतो, आणि फ्यूजच्या लेखी काहीच घडलेले नसते.

माणसाची दखल घेणारे साधन निराळे आहे. गळती ओळखणारा स्विच जाणारा प्रवाह आणि परतणारा प्रवाह एकमेकांशी ताडून पाहतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो, कारण तेवढा प्रवाह कोणाच्या तरी अंगातून वा यंत्राच्या सांगाड्यातून जमिनीत जात असतो. परंतु फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा ज्याच्या दोन हातांत आल्या त्याला हे साधनही वाचवू शकत नाही. त्याच्या अंगातून गेलेला प्रवाह परत येतच असतो. प्रत्येक संरक्षक साधनाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे कामगाराला ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे. मालकाच्या माहितीपत्रकात पहिली बाजू असते, दुसरी क्वचितच.

तापमान ओळखणाऱ्या साधनांतील सर्वांत साधे साधन मोटरच्या स्टार्टरमध्ये सापडते. ओव्हरलोड रिलेत दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. तापल्यावर एक अधिक लांबते, दुसरी कमी. त्यामुळे जोडपट्टी वाकते आणि संपर्क तुटतो. घरच्या इस्त्रीतही हेच तत्त्व आहे. निवल्यावर पट्टी पुन्हा सरळ होते, आणि धोका येथेच आहे. रिले 'ऑटो'वर ठेवलेला असेल आणि मोटर थर्मोस्टॅट किंवा टाकीतील फ्लोट स्विचच्या हुकमाने चालत असेल, तर पट्टी निवताच कोणीही बटण न दाबता मोटर सुरू होते. मोटर बंद पडली असे समजून फिटरने त्या वेळी पट्ट्यात हात घातलेला असतो.

भट्ट्यांत आणि बॉयलरांत थर्मोकपल वापरतात. दोन भिन्न धातूंच्या तारांचे टोक जोडून ते तापवले, तर त्यांच्यात विद्युत्दाब निर्माण होतो. झेबेकने हे १८२१ साली पाहिले. दाब अतिशय अल्प, नेहमीच्या क्रोमेल-ॲल्युमेल जोडीत अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट. आता ही तार तुटली तर काय होईल? दाब शून्य. साध्या नियंत्रकाला वाटेल की भट्टी थंड आहे, आणि तो ती अधिकाधिक तापवत राहील. चांगल्या नियंत्रकात तार तुटताच काटा वरच्या टोकाला नेऊन ताप तोडण्याची सोय असते. दोन नियंत्रकांच्या किमतीतला फरक थोडा, परिणामांतला फार मोठा. संवेदकाविषयी खरा प्रश्न हाच: तो स्वतः बिघडला तर यंत्र थांबते की चालू राहते?

दुसरा प्रश्न असा की, त्याचे म्हणणे ऐकणे कोणाच्या हाती आहे? याचे उत्तर भोपाळने दिले. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. ते पाच अंशांच्या खाली ठेवावयाचे होते आणि तापमानाचा इशारा ११ अंशांना मिळावयाचा होता. १९८४ च्या मध्यास शीतकरण यंत्रणाच बंद करण्यात आली. मग टाकीतील द्रव हवेइतकाच उबदार राहू लागला, इशाऱ्याची मर्यादा कायमचीच ओलांडली गेली, आणि त्या इशाऱ्याला काही अर्थ उरला नाही. २ डिसेंबरच्या रात्री तापमान भडकले तेव्हा इशारा मिळाला नाही; गळती कामगारांना कळली ती डोळे चुरचुरू लागल्यामुळे. तापमान मोजण्याचे शास्त्र त्या रात्री अपुरे पडले नव्हते. खर्चकपातीचा निर्णय त्या शास्त्राच्या वर बसलेला होता.

प्रकाशाच्या संवेदकांकडे वळू. कॅडमियम सल्फाइडच्या घटाचा रोध अंधारात दहा लाख ओहमपर्यंत चढतो आणि प्रकाशात काही शे वा हजारांवर उतरतो. रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी आपोआप लागतात ते अशाच घटामुळे. दिवसा दिवा विझलेला दिसतो, कंत्राटी कामगार खांबावर चढतो, आणि त्याचाच हात किंवा पिशवी घटावर आली की घटाला रात्र झाल्यासारखे वाटते. दिवा बंद असणे आणि वीज तोडलेली असणे या दोन गोष्टी कधीही एक नव्हेत. संवेदकाने दिलेली विश्रांती म्हणजे पुरवठा तोडणे नव्हे. मेन स्विच खाली करून त्याला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी, मापक आधी चालू तारेवर पडताळून मग तिन्ही फेज तपासावेत. याला पर्याय नाही.

पॉवर प्रेसवरील प्रकाशपडदा मात्र पहिल्या प्रश्नाला चांगले उत्तर देतो. एका खांबात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडणाऱ्या डायोडांची रांग, समोरच्या खांबात ते ग्रहण करणारी रांग. किरण पोहोचत असतील तरच प्रेस चालते. हात आडवा आला, डायोड जळाला, तार तुटली, काचेवर तेल साचले, तरी परिणाम एकच: प्रेस थांबते. परंतु थांबण्यास वेळ लागतो. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरला आणि प्रेस थांबण्यास ०.२ सेकंद लागले, तर पडदा डायपासून निदान ३२ सेंटिमीटर दूर हवा. प्रत्यक्षात त्याहून थोडा अधिकच. एकदा पेडल दाबले की पूर्ण फेरा झाल्याविना न थांबणारे जुने क्लच ज्या प्रेसवर आहेत, तेथे पडदा म्हणजे निव्वळ देखावा. तपासनिसाला दाखवायला तो उपयोगी पडतो, बोटांना नाही.

हरियाणातील गुडगाव-मानेसर-फरीदाबाद पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील जखमींविषयी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून अहवाल काढत आली आहे. चिरडलेली बोटे, पॉवर प्रेस आणि स्थलांतरित कामगार हे चित्र त्यांत पुन्हा पुन्हा येते. बसवलेला संवेदक नसलेल्या प्रेसही. जेथे नगावर मजुरी ठरते तेथे पडद्यामुळे प्रत्येक फेऱ्यात गेलेला क्षण कामगाराच्याच पगारातून जातो. मग सुपरवायझर बायपासची किल्ली फिरवतो, आणि अपघातानंतर चौकशीत लिहिले जाते, "कामगाराचा निष्काळजीपणा."

भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतील सुरक्षा समितीत कामगारांना समान प्रतिनिधित्व आणि संभाव्य धोक्याविषयी इशारा देण्याचा हक्क नमूद झाला. २०२० च्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या १० वरून २० वर नेली. पंधरा माणसांची प्रेसची शेड या व्याख्येबाहेर राहिली. तिच्यातील प्रेस तितक्याच वजनाच्या आहेत.

अशा शेडमध्येही आज काय करता येईल? पाळी सुरू होताना चाचणीदांडी पडद्यातून वरपासून खालपर्यंत फिरवावी: एकदा दोन्ही खांबांच्या मध्यभागी, मग एकेका खांबाजवळ, दांडी आडवी असेपर्यंत प्रेस हलता कामा नये. गळती-स्विचचे चाचणी-बटण दाबून पाहावे. बायपासची किल्ली केव्हा, कोणी, कोणाच्या सांगण्यावरून फिरवली याची नोंद वहीत व्हावी, आणि त्या नोंदीखाली ऑपरेटरची सही असावी. ती वही कोठे ठेवायची, हे युनियनने ठरवून घ्यावे.