शिवलेल्या जहाजाची सफर



२९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून एक जहाज मस्कतच्या दिशेने निघाले. त्याला इंजिन नव्हते. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या होत्या. सतराव्या दिवशी, म्हणजे १४ जानेवारी २०२६ रोजी, भारतीय नौदलाचे हे ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ केवळ शिडांच्या बळावर मस्कतला पोहोचले. ती छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहिली असतील आणि आपला ऊरही अभिमानाने भरून आला असेल. तो स्वाभाविकच आहे.

परंतु त्या अभिमानाच्या जोडीने एक प्रश्न मनात यायला हवा. फळ्या शिवून जहाज बांधण्याची ही विद्या इतकी शतके ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचली कशी? ती कोणी सांभाळली? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर पंचेचाळीस वर्षे मागे जावे लागते. तेव्हा असेच एक शिवलेले जहाज उलट दिशेने, मस्कतहून आपल्या किनाऱ्याकडे आले होते. आजचे माझे विवेचन मुख्यतः त्या सफरीविषयी आहे.

प्रथम शिवलेले जहाज म्हणजे काय, ते पाहू. एका फळीला दुसरी फळी कडेला कड लावून बसवायची. दोन्ही फळ्यांच्या कडांना भोके पाडायची. सांध्यावर नारळाच्या तंतूंची वळकटी ठेवून ती सुंभाने आवळून शिवत जायची आणि शेवटी भोके राळेने बुजवायची. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्यांच्या फळ्या अशाच सुंभाने शिवल्या जात. फायबरच्या होड्या आल्या आणि ती रीत बहुतेक वाळूवरून नाहीशी झाली.

लोखंड उपलब्ध असताना आपले पूर्वज दोरी का वापरत? भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या ग्रंथात असे सांगितले आहे, की समुद्रातील चुंबकीय खडक लोखंडाला ओढून घेतात, म्हणून जहाजाच्या तळाला लोखंड वापरू नये. ही समजूत आपण बाजूला ठेवू. व्यवहारातील कारण साधे आहे. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते आणि सोबत लाकूडही कुजवते. शिवलेला सांधा मात्र लवचीक राहतो. लाटेवर आपटले, वाळूत ओढले, प्रवाळाच्या उथळ पाण्यात तळ घासला, तरी तो थोडा वाकतो आणि धक्का पचवतो. सांधा सैल झालाच, तर टाका उसवून नवा घालता येतो. ही पद्धत सर्वगुणसंपन्न होती, असे मात्र नाही. तेराव्या शतकात होर्मुझ बंदरात अशी जहाजे पाहणाऱ्या मार्को पोलोने त्यांची निंदाच केली आहे. यांतली पुष्कळ बुडतात, असे तो लिहितो. तरीही त्याच्या काळापूर्वी आणि नंतरही शतकानुशतके हिंदी महासागराचा व्यापार अशा जहाजांतून चालला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात शिवलेल्या नौकांचा उल्लेख आहे.

आता १९८० च्या सफरीकडे वळू. टिम सेव्हरिन हे तिचे सूत्रधार. जन्म १९४० चा, आसामातला, शिक्षण इंग्लंडमध्ये. प्राचीन प्रवासवर्णने खरी की कल्पित, हे वाद घालून ठरवण्याऐवजी तसेच जहाज बांधून त्याच मार्गाने जाऊन पाहायचे, हा त्यांचा बाणा. १९७६-७७ मध्ये आयर्लंडमधील एका संताच्या कथेचा पडताळा घेण्यासाठी त्यांनी चामड्याच्या होडीतून अटलांटिक महासागर ओलांडला होता. त्यानंतर त्यांनी सिंदबादच्या सफरी हाती घेतल्या. ओमानहून चीनपर्यंत अरबी दर्यावर्दी ज्या मार्गाने जात, त्या मार्गाने तशाच जहाजातून जायचे त्यांनी ठरवले. ओमानचे सुलतान काबूस यांनी त्यासाठी आश्रय दिला. सूर या ओमानी बंदरात जहाज बांधायचे ठरले आणि ‘सोहार’ हे नावही निश्चित झाले.

पैसा होता, जागा होती, कल्पना होती. परंतु सुमारे २६ मीटर लांबीचे जहाज एकही खिळा न वापरता बांधणारे हात ओमानमध्ये मिळेनात. लाकूडही तिथे नव्हते. तेव्हा हे सगळे शोधत सेव्हरिन भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. लाकूड मलबारात मिळाले. तिकडे ‘ऐनी’ किंवा ‘आंजिली’ म्हणतात, ते फणसाच्या कुळातील झाड. दोरी आणि ती वापरणारे हात यांच्यासाठी मात्र त्यांना लक्षद्वीपकडे पाहावे लागले.

लक्षद्वीप म्हणजे अरबी समुद्रात विखुरलेली प्रवाळाची छत्तीस बेटे. सर्वांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे बत्तीस चौरस किलोमीटर, आणि त्यांतली मोजकी दहाच पूर्वापार वस्तीची. तेथे जहाजासाठी लाकूड देणारे जंगल नाही, धातूची खाण नाही. आहे तो नारळ. त्याचा काथ्या हेच त्या बेटांचे धन होते. कण्णूरच्या अली राजांनी एके काळी त्या काथ्याच्या व्यापाराचा मक्ताच आपल्याकडे ठेवला होता. नारळाची सोडणे खाजणाच्या खाऱ्या पाण्यात कित्येक महिने पुरून ठेवायची, मग लाकडी दांड्याने कुटून तंतू मोकळे करायचे आणि हातावर वळायचे, ही तिकडची पद्धत. यंत्रावर तयार झालेला बाजारी काथ्या जहाजाला चालणार नाही, तो टिकत नाही, असे जाणत्या कारागिरांनी सेव्हरिन यांना निक्षून सांगितले. एका जहाजासाठी अशी हातवळणीची सुमारे साडेसहाशे किलोमीटर दोरी लागली! मुंबईपासून नागपूर सरळ रेषेत जेवढे दूर आहे, जवळजवळ तेवढी लांब ही दोरी माणसांच्या तळव्यांतून गेली होती.

या बांधणीचे नेतृत्व करणाऱ्या गृहस्थांचे नाव आपण आवर्जून लक्षात ठेवावे: अली माणिकफान. १९३८ साली मिनिकॉय बेटावर जन्मलेले. शाळेसाठी त्यांना कण्णूरला पाठवले होते. शिक्षण अर्ध्यावर सोडून ते बेटावर परतले आणि समुद्राकडून, म्हाताऱ्या खलाशांकडून, पुस्तकांकडून शिकत राहिले. पुढे मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेत त्यांनी काम केले. माशांविषयीचे त्यांचे ज्ञान असे, की एका माशाच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव गोवले गेले. डझनाहून अधिक भाषा ते स्वतःच शिकले. हाती पदवी नसलेल्या या माणसाच्या देखरेखीखाली आपल्या किनाऱ्यावरचे सुतार आणि दोर शिवणारे कारागीर यांनी सहा महिन्यांच्या आत ‘सोहार’ पाण्यात उतरवण्याजोगे केले. २०२१ साली भारत सरकारने माणिकफान यांना पद्मश्री देऊन गौरविले. जहाज पाण्यात उतरले, त्याला तेव्हा चाळीस वर्षे होऊन गेली होती.

२३ नोव्हेंबर १९८० रोजी ‘सोहार’ने मस्कत सोडले. या दिवसांत ईशान्य मोसमी वारे सुरू झालेले असतात आणि ओमानहून भारताच्या किनाऱ्याकडे उतरता येते. वाटेत सेव्हरिन यांनी ‘कमाल’ हे जुने साधन वापरून पाहिले. लाकडाची एक लहानशी आयताकृती पाटी आणि तिच्या मधोमध ओवलेली गाठींची दोरी. दोरीची गाठ दातांत धरायची, पाटीची खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ध्रुवताऱ्याला टेकवायची. कितव्या गाठीवर हे जमते, त्यावरून आपण किती दक्षिणेला आलो हे समजते. मस्कतला ध्रुव क्षितिजापासून साधारण साडेतेवीस अंशांवर दिसतो, लक्षद्वीपच्या उत्तरेकडील बेटांपाशी बाराच्या खाली येतो. त्या उंचीवर आले, की पूर्वेकडे वळायचे. नकाशा आणि होकायंत्र यांच्याशिवाय एवढ्या मोठ्या समुद्रात चिमूटभर बेट सापडायचे, ते अशा हिशेबाने.

‘सोहार’ने पहिला मुक्काम केला तो चेतलत बेटावर. दीड चौरस किलोमीटरही क्षेत्रफळ नसलेले ते बेट! ज्या द्वीपसमूहाच्या विद्येने हे जहाज शिवले गेले, त्याच्याच एका बेटाला ते शिडे उभारून भेटायला आले होते. तेथून कालिकत, मग श्रीलंकेतील गॉल. येथपर्यंत वारा अनुकूल होता. गॉलहून सुमात्राकडे निघाल्यावर मात्र वारा पडला. नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू होईपर्यंत जहाज आठवड्यांमागून आठवडे जवळजवळ जागच्या जागी डुलत राहिले. पावसाचे पाणी ताडपत्रीत धरायचे, शार्क मासे पकडून खायचे, असे दिवस काढावे लागले. त्यातच वाऱ्याच्या एका उलट्या झोताने मुख्य शिडाची आडवी काठी मोडली. तिच्या उरलेल्या भागावर लहान शीड चढवून, लंगडत लंगडत ‘सोहार’ सुमात्राच्या टोकाजवळील साबांग बंदराला लागले. पुढे मलाक्काची सामुद्रधुनी, सिंगापूर, दक्षिण चीनचा समुद्र असे करत जुलै १९८१ मध्ये, सुमारे सहा हजार मैलांची मजल मारून, ते कँटनला पोहोचले. साडेसात महिन्यांत वादळ आले, काठी मोडली, शिडे फाटली. फळ्यांची शिवण मात्र टिकली. पुढे ते जहाज मस्कतमध्ये अल बुस्तान येथील चौकात सन्मानाने उभे करण्यात आले.

बंधूंनो, या सफरीचे श्रेय जगाने सेव्हरिन यांना दिले, ओमानला दिले. त्यात गैर काही नाही. त्यांनी शोध घेतला, खर्च केला, धोका पत्करला. परंतु लाकूड आपले, दोरी आपली, हात आपले. आणि त्या हातांना काम देण्याची बुद्धी प्रथम दुसऱ्या देशाला झाली, ही गोष्ट आपण स्वतःशी तरी मान्य केली पाहिजे. ओमाननेच ‘ज्युएल ऑफ मस्कत’ हे दुसरे शिवलेले जहाज बांधले आणि २०१० साली ते कोचीनमार्गे सिंगापूरला नेऊन भेट दिले. त्याच्याही बांधणीत केरळचे दोरकाम करणारे कारागीर होते. आपली विद्या जिवंत राहिली, त्यात शेजाऱ्याने दिलेल्या कामाचा वाटा मोठा आहे.

म्हणूनच ‘कौंडिण्य’चे महत्त्व वेगळे आहे. अर्थतज्ज्ञ संजीव सन्याल यांनी ही कल्पना मांडली. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. आराखडा कुठून आणायचा? त्या काळचा एकही नकाशा शिल्लक नाही. शेवटी आधार घेतला तो आपल्या महाराष्ट्रातील अजिंठ्याच्या भिंतीचा. पाचव्या शतकातील चित्रकाराने रंगवलेल्या जहाजावरून नौदलाच्या वास्तुरचनाकारांनी मापे बसवली, आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीची चाचणी घेतली. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे वीस मीटर लांबीचे ते जहाज टाक्याटाक्याने शिवले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. चित्र मराठी मुलखातले, बांधणी गोव्यातली, हात केरळचे, आणि नाव आग्नेय आशियाला गेलेल्या कौंडिण्य या प्राचीन दर्यावर्द्याचे. ते जहाज जिथे पोहोचले, त्याच मस्कत शहरात ‘सोहार’ उभे आहे.

अजिंठ्याच्या भिंतीने आपल्याला जहाजाचा आकार दिला. टाका कसा घालायचा, दोरी किती ओढायची, ओली ओढायची की कोरडी, हे ती भिंत सांगू शकत नव्हती. ते केवळ कारागिरांना ठाऊक होते, आणि त्यांना ते त्यांच्या वडीलधाऱ्यांनी हाताला हात लावून शिकवले होते. अशी विद्या एक पिढी जरी हाताबाहेर राहिली, तरी ती कोणत्याही ग्रंथालयातून परत मिळत नाही.

येथे आपल्यासाठी काम आहे. सुटीत आपली कुटुंबे मालवण-वेंगुर्ल्याला जातात. किल्ला पाहावा, समुद्रस्नान करावे. पण एक सकाळ एखाद्या वृद्ध तांडेलासोबत, होडी बांधणाऱ्या सुताराच्या अंगणात घालवावी. मुलांनी वहीत लिहून घ्यावे: या गाठीला काय म्हणतात, ही फळी कोणत्या झाडाची, हे शिकवले कोणी. मच्छीमार वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी असे कारागीर शोधावेत, त्यांची नोंद ठेवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना काम मिळेल असे पाहावे. शाळेच्या संग्रहासाठी एखादी लहान शिवलेली होडी मागवली, तरी एका घरात ती विद्या आणखी एक हंगाम टिकते. सत्काराची शाल त्या घरात जरूर जावी, पण तिच्याआधी कामाची मागणी जावी. कारण बापाच्या धंद्यात पोट भरते असे दिसले, तरच मुलगा सुंभ हातात धरील.